रागासकट हस्तांतर

"तू मला फसवलंस, आई. इतकी वर्षं तुझ्या हाताखाली घासलो आणि तू मला फसवलंस."

हे दादा म्हणाला. त्याच्या हातात चौदाचा पाना होता. मी गाडीखाली आडवा होतो, माझे पाय तेवढे बाहेर. मला हसूच आलं.

"कुणाच्या हाताखाली रे?" मी खालून विचारलं. "तू तर पुण्याला होतास. बोटाला ग्रीस लागलं तर तू चार वेळा साबण लावतोस."

"तू गप बस, ओजस. तुला काही माहीत नाही."

"आणि तुला माहितीय? मग सांग, रेडिएटरच्या मागचा खालचा नट कसा काढायचा?"

माझा अंदाज होता की तो गप होईल. दादाकडे इंजिनिअरिंगची डिग्री आहे, पण शेडमध्ये तो कधी दोन मिनिटांवर थांबला नाही. तो म्हणाला, "त्याचे आटे गेलेत. आधी उलटा अर्धा फेरा द्यायचा, मग बोटानं बाहेर ओढत सोडवायचा. पाना लावला तर फिरतच राहतो."

मी खालून बाहेर आलो. ही गोष्ट जगात फक्त दोघांना माहीत होती, मला आणि आईला. आणि गंमत म्हणजे दादानं सांगितल्यावर मला वाटलं, अरे हो, असंच काहीतरी होतं. माझ्या डोक्यातून ते गेलेलं.

दादा आईकडं बघत डावं मनगट चोळत होता. "सायलेन्सरवर हात भाजला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. रडलो नाही म्हणून तू मला खांद्यावर घेऊन कोपऱ्यापर्यंत गेलीस, बर्फाचा गोळा द्यायला. मी म्हणालो, मी मोठा झाल्यावर तुझ्याबरोबरच काम करणार. आठवतं का?"

त्याच्या मनगटावर काही नव्हतं, गोरं साफ मनगट. डाग माझ्या मनगटावर आहे, रुपयाएवढा, चकचकीत. तो कसा आला ते मला माहीत नव्हतं. मागच्या महिन्यात एकदा आईला विचारलं होतं, तर म्हणाली, लहानपणी दूध सांडलं.

आई माझ्याकडं बघत नव्हती. "अभी, आत चल," ती दादाला म्हणाली. "मी चहा टाकतो." आई उद्यमनगरात वाढलेली, कोल्हापूरच्या बायकांसारखी 'मी करतो, मी जातो' असंच बोलते. एरवी दादा लगेच तिला सुधारतो. त्या दिवशी सुधारलं नाही. पाना जमिनीवर टाकून निघून गेला.

आता गाडीचं सांगतो. उचगावात आमच्या घरामागं पत्र्याची शेड आहे, त्यात डुक्कर फियाट उभी आहे. पुढून बघितली तर खरंच डुकराच्या तोंडासारखी दिसते म्हणून ते नाव. शंभर वर्षं होत आली तिला. आता रस्त्यावर सगळ्या स्वचल गाड्या, कुणी स्टिअरिंग धरत नाही. पेट्रोल वारसा-पंपावर मिळतं, तेही परवाना दाखवून. आईच्या वर्कशॉपच्या मालकानं धंदा बंद करताना ही गाडी तिला दिली. गाडी म्हणजे सांगाडाच, आत कोंबड्या राहत होत्या.

मी आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून आम्ही दोघं तिच्यामागं लागलोय. आम्ही कामात फार बोलत नाही. आई मागं न बघता हात पसरते आणि तिला हवा तो पाना मी त्यात ठेवतो. भांडणसुद्धा काम न थांबवता. बाबा रत्नागिरीकडं समुद्रातल्या पवनचक्क्यांवर असतात, महिन्यातून दोन दिवस येतात, आले की म्हणतात, "तुमचा संसार शेडमध्ये, मी आपला पाहुणा."

नववीत मी शाळा सोडली. सोडली म्हणजे भूगोलाच्या सरांशी वाजलं, त्यांच्या टेबलावरून उडी मारून बाहेर आलो तो परत गेलोच नाही. घरात सगळे बोलले. आई बोलली नाही. "हात आहेत ना तुझ्याकडं," एवढंच म्हणाली. त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं काढली.

आणि आता तेच हात गेले होते. दीड महिना तसंच चाललं होतं. इंजिनाच्या झडपांचे आठ टॅपेट, त्यांची फट मी नुसत्या आवाजावर लावायचो, ती मोजायचं फीलर गेज खिशातच राहायचं. पण मागच्या रविवारी स्क्रू कुठल्या हातात आणि नट कुठल्या हातात धरायचा तेच कळेना. दरवाजाचा पोचा काढायला गेलो आणि पत्रा आणखी चेपला. आई म्हणाली, "वाढतं वय आहे, हात बदलतात. होईल परत."

हात असे बदलतात का? उंची वाढली म्हणून कोण सायकल विसरतो?

दादाचं ते मनगट बघितल्यावर मी शेडभर नजर फिरवली. नवीन काय आलंय इथं? टोपी. जानेवारीत बॉनेट डोक्यात पडलं तेव्हा आईनं आणली होती, टोपीशिवाय बॉनेट उघडायचं नाही असा नियम केला होता. मी ती टोपी उचलली आणि आतलं कापड ब्लेडनं फाडलं. आत केसांपेक्षा बारीक तारांची जाळी. कडेला पट्टी: वाचक-टोपी, क्रमांक ४१, हस्तांतर केंद्र, उजळाईवाडी.

सायकल काढली. पंधरा मिनिटांत तिथं.

विमानतळामागं एक पांढरी बैठी इमारत. डॉ. केतकी अर्जुनवाडकर अशी पाटी. मी धडकलो ते सरळ त्यांच्या टेबलापर्यंत, टोपी आपटली. त्या घाबरल्या नाहीत. पेनाचा डबा तेवढा माझ्या हाताला लागणार नाही असा बाजूला सरकवला.

"बस," त्या म्हणाल्या. "विचार काय ते."

"हस्तांतर म्हणजे काय?"

"हाताचं कौशल्य एकाच्या मेंदूतून दुसऱ्याच्या मेंदूत नेणं."

"म्हणजे कॉपी."

"कॉपी जमली असती तर मला झोप लागली असती." "बघ. एखादी गोष्ट तू शिकलास की ती मेंदूत घट्ट बसते. घट्ट असताना ती वाचता येत नाही. पण तू ती वापरायला काढलीस, म्हणजे खरंच पाना हातात घेऊन कामाला लागलास, की ती काही वेळ मऊ होते. काम झालं की परत घट्ट. सगळ्यांचं असंच होतं, रोज. टोपी ती मऊ असताना वाचते. आणि वाचून होईपर्यंत तिला घट्ट होऊ देत नाही."

"आणि वेळेत घट्ट झाली नाही तर?"

"तर राहत नाही."

"म्हणजे काढून घेता तुम्ही."

"हो."

एवढं सरळ उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. "सोळा वर्षांचा आहे मी. मला कुणी विचारलं?"

"अठराच्या खाली पालकांची सही चालते. कायदा आहे. मला तो आवडत नाही, पण आहे." त्यांनी पडद्यावर कागद दाखवला. खाली आईची सही. वैदेही लोहार, ल ला मोठी शेपटी. देणारा ओजस, घेणारा अभिराम. चार हस्तांतरं झालेली: टॅपेट, पत्रा, ठिणगीचे पॉइंट, कार्बोरेटर. पाचवं बाकी: टायमिंग. त्या चार आठवड्यांत दर रविवारी टोपी माझ्या डोक्यावर, दर सोमवारी दादा इथं खुर्चीत.

"आईचं का नाही घेतलं? ती माझ्यापेक्षा भारी आहे."

"चाळिशीनंतर पुरेसं मऊ होत नाही."

"आणि माझा हात भाजलेला दादाला कसा आठवतो?"

"कौशल्य एकटं नसतं. ज्या दिवशी शिकलास तो दिवस त्याला चिकटलेला असतो. शिवाय टोपी असताना मनात जे चालू असेल तेही चिकटतं. ते आम्हाला गाळता येत नाही. म्हणून आम्ही पालकांना सांगतो, देणाऱ्याला त्या वेळी शांत ठेवा."

"दादा शांत नाही. आईवर ओरडायलाय, फसवलंस म्हणून. तिनं त्याला कुठं फसवलं? त्याला तर सगळं मिळालं."

डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागल्या. "तो राग त्याचा नाही, ओजस. तुझा आहे."

"कसा असेल? मला तर आज कळलं."

"तुला तेवीस दिवसांपूर्वी कळलं. तू इथं आलास, याच खुर्चीवर बसलास. आईचं का नाही घेतलं, हेही विचारलंस. आणि जाताना माझा पेनाचा डबा फोडलास."

मी डब्याकडं बघितलं. नवा होता.

परत घरी आलो तेव्हा आई शेडमध्ये पॉइंट घासत बसली होती. मी आल्याचं तिला कळलं. हात थांबला नाही.

"मला आधी कळलं होतं?"

"हो."

"मग मी काय केलं?"

"तूच टोपी मागून घेतलीस." फूं करून तिनं कानशीवरचा कीस उडवला. "म्हणालास, आण इकडं, तुला पाहिजे ते घे, रागासकट घे. कळू दे दादाला. आणि कार्बोरेटर खोललास. चाळीस मिनिटं शिव्या देत होतास मला. काम मात्र असलं केलंस की काय सांगू."

"आणि मग?"

"मग टोपी काढलीस आणि म्हणालास, भूक लागली."

 म्हणजे डाव माझाच होता आणि तो बरोबर बसला होता, फक्त मी त्यातून धुतला गेलो होतो. दादा तीन आठवडे तिच्याशी धड बोलत नव्हता, तिच्या हातचं खात नव्हता, पाचव्यासाठी केंद्रावर जात नव्हता, आणि मी त्याला म्हणत होतो, एवढं काय झालं रे तुला, आईशी नीट बोल की.

"का केलंस?" मी विचारलं.

आईनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "पुण्याच्या वाहन-संग्रहालयात एक जागा आहे. एकच. जुनी इंजिनं जिवंत ठेवायची, कायमची नोकरी. मी वीस वर्षं हेच केलं आणि मला लोक मिस्त्रीणबाई म्हणून हाक मारत राहिले. त्या जागेला डिग्री लागते. ती त्याच्याकडं आहे. आणि हात लागतात, ते तुझ्याकडं. दोन पोरांत मिळून एक नोकरी बसत होती."

"मग माझ्यात काय उरणार होतं?"

"तुला मी परत शिकवतो. तू एकदा शिकलास, परत शिकशील. त्याला शिकवून येत नाही, त्या जागेच्या परीक्षेत दोनदा नापास झाला, प्रात्यक्षिकात. ज्याला परत येतं त्याच्याकडूनच घेतात ना?"

तिला हे खरंच पटलेलं होतं. त्याचाच राग जास्त आला. चोरी करताना माणसानं निदान खाली तरी बघावं.

संध्याकाळी दादा मला घराच्या मागच्या कठड्यावर भेटला. म्हणजे तोच येऊन बसला. आम्ही दोघं असे कधी बसत नाही.

"मला वाटलं तू हो म्हणालायस," तो म्हणाला. "आई म्हणाली ओजसला विचारलंय."

"आणि तू विश्वास ठेवलास."

"मला ठेवायचा होता." तो परत मनगट चोळत होता. "पहिली तीन घेतली तेव्हा मजा वाटली. शेडमधले दिवस आठवायला लागले. माझ्या वाट्याला आई अशी कधी आलीच नव्हती. मला तिनं अभ्यासाला बसवलं, खांद्यावर नाही घेतलं. मग चौथं आलं, आणि पोटात जळायला लागलं. तुझं. कसा राहतोस रे तू असला राग घेऊन?"

"सवय आहे."

"परत घे सगळं."

"आणि नोकरी?"

"दुसरी बघेन. आजवर माझ्यासाठी बाकीच्यांनी काय काय सोडलं ते मला कुणी दाखवलंच नव्हतं. आता आतून दिसलं." त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच. दादाला थाप मारता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तिघं केंद्रावर गेलो. डॉक्टर म्हणाल्या, परत देता येतं. दादानं टोपी घालून एकेक काम करायचं, मग मी खुर्चीत बसायचं. पण माझ्यासाठी परत पालकांची सही लागेल. आणि त्यांनी समजावून सांगितलं: जे जे चिकटलंय ते सगळं जाईल. माझे दिवस, माझा राग, आणि या तीन आठवड्यांत दादाला काम करताना जे जे वाटलं तेही.

मी आईकडं बघत होतो. मला वाटलं नाही म्हणेल, हात जोडेल, परीक्षा होईपर्यंत थांबा म्हणेल. तिनं एवढंच विचारलं, "अभीकडं यातलं काही राहणार नाही ना? नक्की?"

"काही नाही."

तिनं लगेच सही केली. ल ची शेपटी नेहमीसारखी. म्हटलं, शेवटी एक सही माझ्या बाजूनं.

चार दिवस चाललं. सकाळी दादा शेडमध्ये टोपी घालून काम करायचा, दुपारी मी केंद्रावर खुर्चीत. पहिल्या दिवशी टॅपेट आले आणि बर्फाच्या गोळ्याचा लाल रंग आला. दुसऱ्या दिवशी पत्रा, तिसऱ्या दिवशी पॉइंट. काल कार्बोरेटर आला आणि त्याच्याबरोबर सगळं. डॉक्टरांचा डबा फोडलेला, चाळीस मिनिटं दिलेल्या शिव्या.

आणि दादाचंही आलं. ते असं असेल याची मला कल्पना नव्हती. मी शेडमध्ये उभा आहे, हातात चौदाचा पाना, आईवर ओरडतोय आणि समोर गाडीखालून दोन पाय बाहेर आलेत. माझेच पाय, तुटक्या चपलेतले. आणि त्या पायांकडं बघून मला इतकं वाईट वाटतंय की वाटतं, पाना टाकावा, त्याच्या शेजारी आडवं व्हावं आणि माफी मागावी. माझ्याबद्दल असं कुणाला कधी वाटलं असेल हे मला खरं वाटलं नसतं. आता ते माझ्याच डोक्यात आहे.

आज सकाळी मी एकटाच शेडमध्ये गेलो, टोपी न घालता. इंजिन चालू केलं, ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर ढिला करून हळू फिरवत गेलो, आवाज चढला, गोल झाला, जरा मागं घेऊन आवळला. एका झटक्यात टायमिंग बसलं. गाडी इतकी छान बोलायला लागली की मी धावत घरात गेलो, दादाला बोलवायला.

स्वयंपाकघरात दादा पोहे खात होता. आई त्याच्या बशीत आणखी वाढत होती.

"मी वाढतो म्हणू नये गं, वाढते म्हणावं," दादा म्हणाला, आणि दोघं हसले.

मी दारात थांबलो.

"काय रे," दादा म्हणाला, "तोंड का पाडलंयस?"

"दादा, टायमिंग बसलं."

"अरे वा. कसलं?"

मी त्याला सांगितलं. सगळं, क्रमानं. टोपी, सही, कठड्यावर तो काय म्हणाला ते. त्यानं चमचा खाली ठेवून ऐकलं, चांगलं लक्ष देऊन, जसं तो बातम्या ऐकतो. शेवटी म्हणाला, "केंद्रावर गेलो होतो ते आठवतं मला. पण एवढं चिडण्यासारखं त्यात काय होतं ते काही लक्षात येत नाही. आईनं काहीतरी विचार करूनच केलं असेल ना. आणि तुझं तुला मिळालं की परत."

मी आईकडं बघितलं. ती दादाच्या बशीत खोबरं घालत होती, सावकाश, चिमटीनं. तेव्हा मला तिचा केंद्रावरचा प्रश्न ऐकू आला. अभीकडं यातलं काही राहणार नाही ना. मी सहीची वाट बघत होतो म्हणून प्रश्न नीट ऐकलाच नव्हता. तिला माझे हात परत द्यायचे नव्हते. तिला तिचा पोरगा परत पाहिजे होता, तो, रागाशिवायचा. राग कुणाच्या तरी डोक्यात राहणारच होता. तिनं डोकं निवडलं.

"परीक्षेचं बघू पुढच्या वर्षी," ती दादाला म्हणाली. मग माझ्याकडं वळून, अगदी मायेनं, "उद्या बॉनेट उघडू या आपण दोघं. तुझा राग काय, उतरतो. मागच्या वेळी पण उतरलेला."

बॉनेट उघडायचं म्हणजे टोपी आलीच. बोललो असतो तर भांडलो असतो, आणि आमच्याकडं भांडण सुरू झालं की हात कामाला लागतात.

जेवण करून आता दोघं आत पडलीत. गाडी मी ढकलत फाटकाबाहेर आणलीय. टाकीत चार लिटर आहे. परवाना आईच्या नावावर, पण माणूस चालवतोय असं दिसलं की स्वचल गाड्या आपण होऊन बाजूला होतात, त्या परवाना बघत नाहीत. रत्नागिरीपर्यंत पेट्रोल पुरणार नाही. पुरेल तिथपर्यंत जाईन, मग कुणाचं तरी काही बिघडलेलं दुरुस्त करून पुढचं बघेन. बाबांना सांगायचं आहे. त्यांनी तरी कुठं सही केलीय का, ते आधी विचारणार.

हे कागद दादाच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकात ठेवतो. तो वाचेल. वाचून त्याला कळेल सगळं, वाटणार काही नाही, ते मला माहितीय. तरी ठेवतो. त्याला माझ्याबद्दल जे वाटलं होतं ते मी बरोबर नेतोय, निदान कुणी नेलं एवढं तरी त्याला माहीत असावं.

आतून आईच्या चपलांचा आवाज आला. मला आता निघायला हवं.